विसरलेला पासवर्ड आणि घरातली दुसरी किल्ली

मे महिन्यातली गोष्ट. आमचे अब्बा रोज असरनंतर संगणकासमोर जाऊन बसत, चष्मा पुसत, आणि थोड्या वेळाने उठून बाहेरच्या ओट्यावर येत. आम्हाला वाटले, आजारपणातून नुकतेच उठले आहेत, थकवा असेल. एप्रिलमध्ये न्यूमोनियामुळे त्यांना नऊ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले होते. खरे कारण कळायला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी त्यांनी आम्हाला आत बोलावले, दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पासवर्ड याद नहीं आ रहा."

इतकी साधी गोष्ट, पण ती सांगताना त्यांची मान खाली होती.

आम्ही मिरजेत राहतो. अब्बांचे वय ७४. मोहल्ल्यात बिनव्याजी कर्जाचा एक लहानसा फंड आहे. ४१ घरे दरमहा २०० रुपये जमा करतात. त्यातून कोणाला औषधपाण्यासाठी, कोणाला मुलांच्या फीसाठी, कोणाला शिलाई मशीनसाठी रक्कम दिली जाते आणि ती हप्त्याहप्त्याने परत येते. या फंडाचा हिशेब वीस वर्षांपासून अब्बांकडे आहे. २०१९ पर्यंत तो लाल खतावणीत होता. मग आमच्याच आग्रहावरून घरात संगणक आला आणि जमा-नावे सगळे एक्सेलमध्ये गेले. खतावणी कपाटावर गेली ती परत खाली आलीच नाही.

शाळा उघडायच्या आधी फंडाकडे मागणी वाढते. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतले एक शिंपीकाम करणारे भाई नवीन कर्ज मागायला आले. म्हणाले, "आधीच्या १२ हजारांपैकी ८ हजार फेडले आहेत." कोणी म्हणाले ८ कुठले, ६ असतील. अब्बांनी "जुम्म्याला सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. असे दोन जुम्मे गेले. अब्बांना विसरण्याचे दुःख नव्हते. त्यांना भीती होती ती लोक काय समजतील याची. वीस वर्षे ज्याने लोकांची अमानत सांभाळली त्याच्याकडेच हिशेब दाखवायला नाही, असे कोणी म्हटले तर?

आम्ही केलेल्या चुका

शिक्षकी पेशा असल्याने चुका आधी सांगतो. पहिली चूक म्हणजे आम्ही घाईघाईने आठवेल तो पासवर्ड टाकत सुटलो. नातवंडांची नावे, गाडीचा नंबर, हजचे वर्ष. त्याचा काही उपयोग झाला नाही. उलट विंडोज ११ च्या नव्या संगणकांत लागोपाठ दहा वेळा पासवर्ड चुकला तर खाते दहा मिनिटे बंदच होते. पासवर्ड आठवत नसला की पहिले काम म्हणजे थांबणे.

दुसरी चूक आमच्या पुतण्याने केली. त्याने इंटरनेटवर शोधून एका 'हेल्पलाइन'ला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. आधी १,९९९ रुपये भरा म्हणाला, मग मोबाइलवर एक ॲप घ्या आणि त्यातला नंबर मला वाचून दाखवा म्हणाला. ते ॲप म्हणजे आपला मोबाइल दुसऱ्याला दुरून चालवू देणारे साधन होते. त्याच मोबाइलवर बँकेचे मेसेज येतात. सुदैवाने आम्ही जवळ होतो, फोन बंद करायला लावला. वाचकांनी हे पक्के लक्षात ठेवावे: संगणक उघडून देण्यासाठी कोणतीही कंपनी तुमचा ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तिसरी चूक आम्ही करता करता वाचलो. संगणक दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, एका तासात चालू." चालू होईल, पण आत काहीच राहणार नाही. सहा वर्षांचा हिशेब पुसून संगणक सुरू करण्यात काय अर्थ? दुकानात गेलात तर आधी एकच वाक्य बोला: "मशीन नाही चालली तरी चालेल, आतल्या फाइली हव्यात." सांगितले नाही तर तो त्याच्या सोयीचे काम करणार.

जुना पासवर्ड कोणीच का सांगू शकत नाही?

अब्बांनी विचारले, "संगणकाला तर पासवर्ड माहीत आहे ना? मग त्याच्या पोटातून काढता येत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की संगणकालाही तो माहीत नसतो.

गिरणीत गहू दळून पीठ केले की त्या पिठातून पुन्हा गहू मिळत नाही. संगणक पासवर्डचे असेच पीठ करतो आणि फक्त पीठ जपून ठेवतो. आपण दर वेळी पासवर्ड टाइप करतो तेव्हा तो त्याचे पुन्हा पीठ करून जुन्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडते. म्हणून पासवर्ड 'परत मिळवणे' असे काही बहुधा नसतेच. आपण खरे मालक आहोत हे दुसऱ्या मार्गाने पटवून द्यायचे आणि नवा पासवर्ड लावायचा, एवढेच असते.

नेहमी असे नव्हते. संगणकाला पासवर्ड लावण्याची पद्धत १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झाली. एकच मोठा संगणक अनेक संशोधक वापरत, म्हणून प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवायला फर्नांडो कोर्बातो यांनी ही युक्ती योजली. पण पासवर्डची यादी संगणकात जशीच्या तशी ठेवलेली होती. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाने ती सगळी यादी छापून घेतली, कारण त्याला संगणकावर जास्त वेळ काम करायचे होते! पीठ करून ठेवण्याची पद्धत अशाच अनुभवांतून पुढे आली.

याच कोर्बातो यांनी सत्त्याऐंशीव्या वर्षी, २०१४ मध्ये, एका मुलाखतीत सांगितले होते की पासवर्ड आता डोकेदुखी झाले आहेत आणि ते स्वतः आपले पासवर्ड कागदावर लिहून ठेवतात. हे आम्ही अब्बांना सांगितले तेव्हा अकरा दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

आधी काय तपासावे?

बऱ्याचदा पासवर्ड बरोबर असतो, टाइप चुकते. कॅप्स लॉक चालू आहे का? आकड्यांसाठी नम लॉक बंद पडले आहे का? आणि आपल्या घरांसाठी महत्त्वाचे म्हणजे कीबोर्डची भाषा. ज्या संगणकावर उर्दू किंवा मराठी टाइप होते तिथे साइन-इनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण दिसते. ती इंग्रजीवर आहे का ते पाहावे. नसेल तर बरोबर कळ दाबूनही अक्षर भलतेच उमटते, आणि ठिपक्यांच्या आड ते दिसत नाही. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबून धरले की आपण काय टाइप केले ते वाचता येते.

आम्ही हे सारे तपासले. आमचे कुलूप खरोखरच बंद होते.

कुलूप कोणत्या जातीचे?

पुढचा प्रश्न असा की खाते कोणते आहे. एकदा चुकीचा पासवर्ड देऊन पडद्यावर येणारे वाक्य नीट वाचावे.

त्यात मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा उल्लेख असेल तर काम सोपे आहे. हे खाते इंटरनेटवरचे आहे. घरातल्या कोणाच्याही मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संकेतस्थळावर जाऊन तोच ई-मेल पत्ता टाकून नवा पासवर्ड ठरवता येतो. नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर एक कोड येतो. मग संगणक इंटरनेटला जोडून नवा पासवर्ड टाकायचा. अडचण तेव्हा येते जेव्हा नोंदवलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. ओळखीची सगळी माहिती एकदम बदलायची झाली तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. मुदत लांब वाटते, पण चोरालाही तेवढेच थांबावे लागते आणि खऱ्या मालकाला सावध व्हायला वेळ मिळतो.

काही जण चार आकडी पिन विसरतात आणि पासवर्ड विसरलो म्हणतात. पिन फक्त त्या एका संगणकापुरता असतो. पिनच्या चौकटीखाली 'पिन विसरलो' असा दुवा असतो. पासवर्ड आठवत असेल तर पिन नव्याने लावता येतो.

खाते 'लोकल' म्हणजे फक्त त्या मशीनपुरते असेल तर मोबाइलवरून काही करता येत नाही. तिथे तीन मार्ग आहेत. पहिला, संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेले दुसऱ्या कोणाचे खाते असेल तर तो आत जाऊन आपला पासवर्ड बदलू शकतो. दुसरा, पूर्वी कधी 'पासवर्ड रिसेट डिस्क' म्हणून पेन ड्राइव्ह तयार करून ठेवला असेल तर तो लावायचा. तिसरा, सुरक्षा प्रश्न. २०१८ पासून विंडोज १० मध्ये लोकल खाते उघडताना तीन प्रश्नांची उत्तरे भरून घेतात. चुकीचा पासवर्ड टाकला की खाली 'रिसेट पासवर्ड' असा दुवा दिसतो. तो दाबला की तेच तीन प्रश्न समोर येतात.

आमच्याकडे दुसरे खाते नव्हते आणि पेन ड्राइव्हही नव्हता. दुवा मात्र दिसला.

फुफींनी उघडलेले दार

आता या प्रश्नांची गंमत ऐका. विंडोजचे प्रश्न परदेशी घरांचा विचार करून लिहिलेले. एक प्रश्न असा आहे की तुमचे आई-वडील कोणत्या शहरात भेटले? आमचे दादा-दादी एकमेकांना भेटले ते थेट निकाहानंतर! अब्बांनी तो प्रश्न सोडून दिला होता. त्यांनी निवडलेले तीन प्रश्न होते: लहानपणीचे लाडाचे नाव, पहिली शाळा आणि सर्वात मोठ्या 'कझिन'चे नाव.

लाडाचे नाव आम्हा सर्वांना ठाऊक होते, 'बाबू'. शाळा म्हणून आम्ही 'उर्दू स्कूल' लिहिले. कझिनसाठी मोठ्या चुलतभावाचे नाव टाकले. दार उघडले नाही. स्पेलिंग बदलून पाहिले, तरी नाही. अब्बांना २०१९ मध्ये काय सांगितले ते आठवेना. शिवाय उत्तरे त्यांनी टाइप केलीच नव्हती. त्यांनी तोंडी सांगितली आणि विक्रेत्याच्या माणसाने टाइप केली होती.

शेवटी आम्ही इचलकरंजीला फुफींना फोन लावला. त्या अब्बांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. ऐंशी वर्षांच्या बाईंना संगणकाचा प्रश्न विचारतोय म्हणून आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अरे, बाबू पहिली-दुसरीला मराठी शाळेतच होता. गावात उर्दू शाळा होती कुठे? तिसरीला मिरजेला आला तेव्हा उर्दूत घातला." अब्बा चटकन म्हणाले, "हो, मराठी शाळा. तेच सांगितलं होतं मी." आणि कझिन? इंग्रजीला काय, चुलत, आते, मामे, मावस सगळे एकाच शब्दात कोंबता येतात. फुफी म्हणाल्या, "सगळ्यात मोठा म्हणजे मामूंचा शब्बीर. चाचांच्या पोराहून दोन वर्षं मोठा."

शब्बीर टाकले. तरी नाही. मग आमच्या लेकीने इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'बी' काढून टाकला. पडद्यावर नवा पासवर्ड विचारणारी चौकट आली. फोनवर फुफी, इकडे अब्बा, दोघांचेही "अल्हम्दुलिल्लाह" एकदमच निघाले.

हिशेब उघडला. शिंपीकाम करणाऱ्या भाईंनी ८ हजार फेडलेले होते. अगदी तारीखवार नोंद होती. ६ म्हणणारे चुकले होते, आणि खरे सांगायचे तर मनातून आम्हीही त्या भाईंवर शंका घेतली होती. त्याच संध्याकाळी अब्बा काठी घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि नव्या कर्जाची रक्कम हातात देऊन आले. आम्ही सोबत गेलो होतो. आम्हालाही माफी मागायची होती, पण त्या भाईंनी चहा पुढे केला आणि विषय बदलला.

हे जमले नसते तर?

प्रश्नांची उत्तरे जुळली नसती तरी आशा संपली नव्हती. साइन-इनचा पासवर्ड म्हणजे घराच्या दाराचे कुलूप. फाइली आतल्या डिस्कवर असतात. जाणकार माणूस ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि फाइली उतरवून घेतो. जुन्या संगणकांत बहुधा हे जमते.

नव्या लॅपटॉपमध्ये मात्र डिस्कवरचा मजकूरच कुलूपबंद असतो. विंडोजमध्ये याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. अनेक नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की ते आपोआप सुरू होते. अशी डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती सापडली नाही तर फाइली गेल्या असेच समजावे. म्हणून नवा लॅपटॉप घेतलेल्यांनी आजच आपल्या खात्यात ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

हे सारे मार्ग स्वतःच्या संगणकासाठी आहेत. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. नवऱ्याचा, बायकोचा किंवा जवान मुलाचा संगणकही त्यांचा आहे, हे इथे लागू पडते.

आता आमच्या घरची व्यवस्था

अब्बांचा नवा पासवर्ड चार साध्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांचा आहे. चिन्हांची गिचमिड करण्यापेक्षा लांबी महत्त्वाची, असे आता जाणकार संस्थाही सांगतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तर २०१७ मध्येच विनाकारण दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नये असे सुचवले आहे. सारखे बदलले की माणूस विसरतो, नाही तर एक आकडा वाढवून तोच ठेवतो.

तो पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरे, अक्षरन् अक्षर स्पेलिंगसह, एका कागदावर लिहून बंद पाकिटात घातली. पाकीट घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात आहे. ते कुठे आहे हे अब्बांखेरीज आणखी दोघांना माहीत आहे. संगणकावर आमचे दुसरे ॲडमिनिस्ट्रेटर खाते उघडले. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतो आणि एक पान छापून फाइलीत लावतो. ते पान फंडातल्या कोणालाही पाहता येते.

मोबाइलचेही पाहिले. अब्बांच्या जीमेलला चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा नंबर जोडलेला होता. बंद नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, म्हणजे आपले कोड दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. तो बदलला. टू-स्टेप पडताळणी सुरू असेल तर गुगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देते. ते छापून त्याच पाकिटात ठेवले. गुगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये आपण विश्वासातल्या माणसाचे नाव देऊन ठेवू शकतो. ठरवलेली मुदत खाते वापरले गेले नाही तर आपण निवडलेली माहिती त्याला मिळते.

ही शेवटची गोष्ट बोलताना घरात थोडी शांतता झाली. मग अब्बाच म्हणाले, "हे सगळ्यात आधी करा." वारसांचे हिस्से पाडण्याआधी मय्यतचे कर्ज फेडावे लागते, हे आपण सारे जाणतो. पण कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे हे ज्या संगणकात आहे तो उघडताच आला नाही, तर मागे राहिलेल्यांनी काय फेडावे? लिहून ठेवणे ही अर्धी जबाबदारी झाली. लिहिलेले दुसऱ्याला वाचता यावे, ही उरलेली अर्धी.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही कोणी वडीलधारे मोबाइल किंवा संगणकासमोर गप्प बसलेले दिसले तर एकदा जवळ बसून विचारा. विसरले असतील तर हसू नका. आमच्या अब्बांचे अकरा दिवस केवळ संकोचात गेले. आता पाकीट कपाटात आहे, आणि लाल खतावणीही त्यांनी पुन्हा खाली काढली आहे. महिन्याची शिल्लक ते आधी तिच्यात शाईने लिहितात, मग संगणकात.